आजीचं व्याकरण



"काहीही बोल, पण शाळेबद्दल बोल," असं मला सांगितलंय. म्हणून ज्या तासाला मी सगळ्यात जास्त घाबरायचे, त्या मराठी व्याकरणाच्या तासाबद्दल बोलते.

वाघोली तेव्हा ग्रामपंचायतीचं गाव होतं. महापालिकेत आपण २०२१ ला गेलो. आमच्या घरात सगळे 'पानी', 'कोन', 'आनि' असंच बोलायचे. आठवीत मी फळ्यापुढे उभी राहून 'पानी' म्हणाले आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून मी हात वर करणं सोडलं. व्याकरण म्हणजे आपण कुठे चुकतो ते दाखवणारा विषय, असं डोक्यात बसलं. त्याहून वाईट म्हणजे घरी जाऊन मी आजीला दुरुस्त करायला लागले. ती हसायची आणि गप्प बसायची. पुढे पुढे माझ्या मैत्रिणी आल्या की ती बोलेनाशीच झाली.

कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग मी मार्कांपुरते पाठ केले. इंजिनिअरिंगला गेल्यावर वाटलं, सुटले.

मग नोकरीत एक ॲप मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजीत एकच वाक्य सगळ्यांना चालतं. नाव आणि वस्तू तेवढी बदलायची. आम्ही मराठीत तसंच केलं आणि स्क्रीनवर आलं, 'सीमाने चिठ्ठी पाठवला'. पार्सल 'पुणेला' आणि 'साताराला' निघालं. टीममधल्या अमराठी मुलांनी विचारलं, "नियम काय आहे?"

मी पुन्हा फळ्यापुढे उभी राहिले. भूतकाळात कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं : फोटो पाठवला, चिठ्ठी पाठवली, पत्र पाठवलं. हा कर्मणी प्रयोग. कर्मालाही 'ला' लागला, तर ते कुणाप्रमाणेच बदलत नाही : सीमाने मुलीला पाठवलं, सीमाने मुलाला पाठवलं. हा भावे. आणि 'ला' लागण्याआधी पुणेचं 'पुण्या' होतं, ते सामान्यरूप. बाई, तुमचे शब्द जसेच्या तसे तोंडात आले.

त्या संध्याकाळी नगर रस्त्यावर गाडी अडकली होती, तेव्हा आजी आठवली. ती शाळेत गेली नव्हती. पण 'पुणेला' किंवा 'भाकरी खाल्ला' असं तिच्या तोंडून कधी आलं नाही. मी जे नियम पाठ करत होते, ते तिच्या बोलण्यात आधीपासून होते. 'पानी' ही तिची बोली होती. शुद्धलेखनाचे नियम तर शासनाने १९६२ साली मान्य केले, तेही लिहिण्यासाठी. तोवर आजीचं लग्न होऊन तिला मुलंही झाली होती! ती चुकत नव्हती, हे तिला सांगायचं माझं राहून गेलं.

आजच्या शिक्षकांना एवढीच विनंती. आता वाघोलीत सगळीकडची मुलं येतात. कुणी 'पानी' म्हणेल, कुणी 'करून राहिलो' म्हणेल. प्रमाण मराठी जरूर शिकवा, मला तिचा उपयोग झालाच आहे. पण आधी त्या मुलाचंच वाक्य फळ्यावर लिहा आणि त्यातला प्रयोग त्याला ओळखू द्या. आपल्या आजीलाही व्याकरण येतं, हे त्याला आठवीतच कळू द्या.

बाई, तुम्ही शिकवलेलं कामाला आलं.