कॉलेजचे नाव आणि घराचा हिशोब
(बागली येथील पालक मेळाव्यात मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच विषय असतो, मुलाला कुठे घालायचे. एके काळी हा प्रश्न सोपा होता. ज्याला झेपेल तो देवासला किंवा इंदूरला जाई, बाकीचे शेती-नोकरी पाहत. आज इंदूरपासून पुणे-बंगलोरपर्यंत शेकडो कॉलेजे आहेत. प्रत्येकाची रंगीत माहितीपुस्तिका आहे आणि प्रत्येक पाहुण्याचा एक सल्ला आहे. या गोंधळात काही घरांनी शेत विकले, काहींनी ते गहाण टाकले. म्हणून मंडळातर्फे आम्ही चार गोष्टी मांडतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कॉलेजच्या नावाला किंमत आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती मोजून द्यावी, आणि ज्या कॉलेजला नाव नाही त्याला नावाची किंमत देऊ नये.

आधी पुण्याविषयी. आपली घराणी पवार-होळकरांच्या काळापासून माळव्यात आहेत, तरी मूल पुण्याला शिकले म्हणजे सार्थक झाले ही भावना अजून जात नाही. १८५४ साली सुरू झालेले तेथले इंजिनिअरिंग कॉलेज किंवा १८८५ चे फर्ग्युसन यांची थोरवी कोण नाकारील? पण प्रवेशाच्या वेळी आडनाव मराठी आहे हे कोणी पाहत नाही. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या राज्य कोट्यासाठी तेथला अधिवास किंवा तेथली दहावी-बारावी पाहतात. कर्नाटकाच्या सीमाभागातील मराठी मुलांसाठी वेगळी सोय आहे, माळव्यातल्या मुलांसाठी नाही. आपली मुले अखिल भारतीय कोट्यात जातात, तिथे जागा थोड्या असतात. तेथल्या सरकारची फीसवलतही तेथल्या अधिवासींसाठीच आहे. मग पुष्कळदा असे होते की नामांकित कॉलेज मिळत नाही, आणि त्याच शहरातल्या कुठल्याशा नव्या खासगी कॉलेजात पूर्ण फी भरून प्रवेश घेतला जातो. गावात सांगायला "पुण्याला आहे" एवढे उरते. हे कॉलेजचे नाव झाले नाही, शहराचे नाव झाले.

आता हिशोब पाहू. समजा चार वर्षांसाठी १० लाखांचे कर्ज काढले, दर वर्षी अडीच लाख उचलले आणि व्याज १० टक्के सरळ धरले. शिक्षणाची चार वर्षे आणि पुढचे सवलतीचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. ते साडेतीन लाख होते. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर साडेतेरा लाख असतात. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १७,८०० रुपये हप्ता, आणि एकूण भरणा २१ लाखांच्या वर. यात खोली, मेस आणि येण्या-जाण्याचे भाडे नाही. महिन्याला १२,००० धरले तरी वर्षाचे दहा महिने आणि चार वर्षे मिळून ४ लाख ८० हजार होतात. मुलाला पहिली नोकरी पंचवीस हजारांची लागली तर हप्ता कोण भरणार? उत्तर आपल्याला माहीत आहे. बाप भरतो, सोयाबीनच्या पैशातून.

मग नावासाठी पैसे घालायचेच नाहीत का? घालावेत, जिथे नाव दरवाजा उघडते तिथे. आयआयटी, एनआयटी, एम्स, सरकारी मेडिकल कॉलेज अशा ठिकाणी जागा मिळाली तर मागे पाहू नका. तिथे कर्जही सोपे जाते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत देशातल्या निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळण्याची सोय आहे, आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे की नाही, एवढे पाहिले तरी नावाची परीक्षा अर्धी होते.

उरलेल्या परीक्षेसाठी तीन प्रश्न विचारा. पहिला, "सर्वात मोठे पॅकेज किती" हे विचारू नका, मधले पॅकेज किती ते विचारा. एका मुलाला चाळीस लाख मिळाले याचा उरलेल्या तीनशे मुलांना काय उपयोग? केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा मधला आकडा द्यावा लागतो, आणि तो पाहता येतो. दुसरा, आपल्या शाखेला कायम प्राध्यापक किती? तिसरा, पूर्ण फी किती, लेखी. मध्य प्रदेशात खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवायला २००७ च्या कायद्याने समिती आहे. ठरलेल्या फीपेक्षा जास्त मागितले तर तिच्याकडे तक्रार करता येते.

आता जवळचे पाहू. इंदूरचे होळकर कॉलेज १८९१ चे, उज्जैनचे माधव कॉलेज १८९० चे. इंदूरचे सेक्सरिया इंजिनिअरिंग कॉलेज १९५२ पासून आहे, महात्मा गांधी मेडिकल कॉलेज १९४८ पासून. देवासला कृष्णाजीराव पवारांच्या नावाचे सरकारी कॉलेज आहे. ही सगळी चापड्याहून बस धरली की आवाक्यात आहेत. आपण मध्य प्रदेशचे अधिवासी, तेव्हा इथला राज्य कोटा आपला आहे. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत बारावीला राज्य मंडळाचे ७० किंवा सीबीएसईचे ८५ टक्के असतील तर शिक्षणाची फी सरकार भरते. उत्पन्नाची अट आहे, इंजिनिअरिंग-मेडिकलसाठी प्रवेश परीक्षेच्या अटी आहेत, त्या त्या वर्षी नीट वाचून घ्याव्यात. पुण्याला हक्क मागण्यापेक्षा इथला हक्क घेणे शहाणपणाचे.

आणि जवळचे म्हणजे हलके, असे समजू नका. १९२७ मध्ये दत्तात्रय देवळालीकर यांनी इंदूरला चित्रकला शाळा उभी केली. तेव्हा मुंबईच्या जे. जे. स्कूलचे नाव मोठे होते, इंदूरचे कोणाला ठाऊक होते? पण त्या एका मराठी गुरूच्या हाताखालून ना. श्री. बेंद्रे निघाले, मकबूल फिदा हुसेन निघाले, दे. ज. जोशी आणि विष्णू चिंचाळकर निघाले. शाळेचे नाव त्यांच्यामुळे झाले, आणि ते शिकवणाऱ्यामुळे झाले.

म्हणूनच राजकारणाची गोष्टही इथेच बोलतो. जवळच्या सरकारी कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा भरल्या नाहीत, प्रयोगशाळेला कुलूप राहिले, की आपण मुलाला बाहेर पाठवून मोकळे होतो. ऐपतवाले निघून गेले की त्या कॉलेजासाठी भांडणारे कोणी उरत नाही, आणि मागे राहतात ती गरीब घरची मुले. बागलीने १९६२ पासून सलग आठ वेळा कैलाश जोशी यांना निवडून दिले, १९७७ मध्ये राज्याला मुख्यमंत्री दिला. असा मतदारसंघ प्राध्यापक आणि वेळेवर येणारी बस मागू शकत नाही का? उमेदवार दारात येईल तेव्हा रस्त्याच्या आधी हे विचारा, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

शेवटी एक कडू बोल, राग मानू नये. मुलासाठी वीस लाखांचे कर्ज निघते आणि त्याच घरातल्या मुलीला "जे जवळ आहे ते कर" असे सांगितले जाते. तिचे गुण जास्त असले तरी. प्रतिष्ठेचा सगळ्यात महाग भाग हा आहे, आणि त्याची पावती कुठेच मिळत नाही. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी दोन्ही मुलांची नावे एका कागदावर लिहा आणि दोघांच्या नावापुढे रक्कम मांडा. गावातल्या मुलींना प्रथम श्रेणी मिळाली तर "गाव की बेटी" योजनेत महिना ५०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण बसभाड्याला हातभार लागतो. अर्ज जरूर भरा.

पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत योजनांचे आणि कर्जाचे अर्ज भरायला मदत मिळेल. येताना गुणपत्रिका, अधिवास व उत्पन्नाचे दाखले आणा, आणि मुलालाच नव्हे, मुलीलाही आणा.