घंटा कुणाची?

(श्रीरामपूरला तरुणांपुढं केलेलं भाषण)



नाशिक आपल्याला लांब नाही. पंचवटीत गोदावरीच्या काठाला नारोशंकराचं देऊळ आहे, त्याच्या दारावर भलीथोरली घंटा. मुळात पोर्तुगिजांची, १७२१ सालची. १७३९ ला मराठी फौजेनं वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. असला डाग वसईहून नाशकाला कसा हलला असेल ते माझ्या खांद्याला विचारा. घंटेला नाव मात्र सरदाराचं. दोर ओढणाऱ्याचं नाव कुठाय?

बरं, वसई सुटली. पण त्याच पेशवाईत पुण्यात आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मडकं नि कमरेला झाडू होता.

२ मार्च १९३० ला बाबासाहेब नि दादासाहेब गायकवाड काळारामाच्या दारात गेले. दार बंद. हजारोंचा मोर्चा वळला, गोदावरीच्या घाटावर सभा झाली. विजयाची घंटा त्याच काठाला टांगलेली! लढा पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. मग १९३५ ला येवला.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला एक घंटा आहे. साऱ्या रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा, असं बायबलातलं वचन तिच्यावर ओतलंय. त्याच गावात तेव्हा काळी माणसं विकली जात. पुढं १८३० नंतर गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनीच तिला 'लिबर्टी बेल' म्हणायला सुरुवात केली. त्यांनी वचन पकडलं. मला हे पटतं. आपल्याकडंही घटनेचं १७ वं कलम आहे.

आता आपला जिल्हा. नगरच्या किल्ल्यात नेहरू १९४२ ते ४५ कैदेत होते, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. खर्ड्याचं कोण सांगतं? २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचं आपलं पोर, शिकणारं. मारलं नि झाडाला टांगलं. नोव्हेंबर २०१७ ला नगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले. त्या कोर्टाबाहेर देशभक्तीची घंटा टांगली असती तर काय मिळालं असतं? आपल्या भाषेत सांगतो— घंटा!

साक्षीदार का फिरतो? त्याला त्याच गावात रोजानं जायचंय, त्याच दुकानातून उधारीवर तेलमीठ आणायचंय. कोर्टाच्या पायरीवर तो एकटा असतो, समोर गाड्या भरून माणसं.

म्हणून आज कविता म्हणत नाही. तालुक्यातल्या अॅट्रॉसिटीच्या केसेसच्या तारखा ह्या वहीत लिहून आणल्यात. दर तारखेला साक्षीदाराबरोबर चौघं पाहिजेत, घरापासून घरापर्यंत. नावं सांगा, लिहून घेतो.