पुंडलिकानं मागं वळून पाहिलं नाही

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात कामतघर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. भाताची लावणी आणि संतांचं पाठांतर, यापलीकडं माझी पुंजी नाही. दिंडीच्या शंभर वर्षांचा गौरव बाकीचे वक्ते करतीलच. मी एका अडलेल्या गोष्टीवर बोलणार आहे. दिंडीच्या बैठकीत ती निघाली आन् अर्धवट राहिली.

आपल्यातल्याच एका घरात बारा-तेरा वर्षांचा पोरगा आहे. डॉक्टर त्याला स्वमग्न म्हणतात, इंग्रजीत ऑटिझम. आईबापांनी विचारलं, यंदा पोराला घेऊन वारीला आलो तर चालेल का? एक जण म्हणाला, "त्याला काय कलत नाय, कशाला उगाच?" दुसरा म्हणाला, "मधेच ओरडतो, कीर्तनाचा रंग जातो." आई काही बोलली नाही, उठून गेली. बोलणारी माणसं वाईट नव्हती. माळकरीच होती. म्हणून तर हा विषय इथं, माळकऱ्यांपुढं काढतो.

माऊली हो, आपण कीर्तनाच्या शेवटी ज्याचं नाव घेतो तो पुंडलिक आठवा. साक्षात देव दारात आला. पुंडलिक काय करत होता? आईबापाच्या सेवेत होता. त्यानं मागं वळून पाहिलं का? नाय पाहिलं. या बसा म्हणाला का? नाय म्हणाला. एक वीट मागं सरकवली आन् आपल्या कामात राहिला. आता देव म्हणाला असता, "हाक मारली तर बघत नाय, नजरेला नजर देत नाय, याला काय कळत नाय," तर पंढरपूर झालं असतं का? देव रागावला नाही. विटेवर उभा राहिला. तो मग्न आहे, एवढं देवानं ओळखलं. आपण मात्र एखादं पोर हाकेला ओ देत नाही, डोळ्यांत बघत नाही, तर त्याला वेडं ठरवून मोकळे. आपल्या आगरी बोलीत "येरा". एका शब्दात माणूस संपला.

पोर पुंडलिकासारखं भक्त आहे असं मी म्हणत नाही. देवासारखं आपल्याला थांबता येतं का, एवढंच विचारतोय.

ही स्वमग्नता काय असते, हे मला एका डॉक्टरांनी समजावलं, आन् माझ्या नातीनं वाचून दाखवलं. हा ताप-खोकल्यासारखा रोग नव्हे. मेंदूची घडण जन्मापासूनच जरा निराळी असते. काही पोरं बोलतच नाहीत, काही फार बोलतात पण एकाच विषयावर. काहींना जन्मभर सांभाळावं लागतं, काही शिकून नोकरीला लागतात. रोजचा क्रम बदलला की जीव घाबरतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की 2021 साली जगात साधारण 127 माणसांमागं एक जण असा होता. म्हंजे अडीचशे माणसांची दिंडी असेल तर हिशोबानं दोन जण. ते कुठं आहेत? घरात आहेत. आपण बघत नाही म्हणून ते नाहीत असं नाय.

आता लोक काय म्हणतात? "पोरगा सारखा डोलतो." अहो, आपण काय करतो? हरिपाठाला उभे राहिलो की आपणही डोलतो. "तोच तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो." आपण जपमाळ घेऊन काय करतो? "त्याला सगळं रोज तसंच्या तसं लागतं." वारीत काकडा, वाटचाल, हरिपाठ, कीर्तन, हा क्रम आपण मोडू देतो का? माऊलींच्या रथापुढं 27 दिंड्या चालतात, प्रत्येकीचा नंबर ठरलेला. एखादी दिंडी जागा सोडून मधे घुसली तर किती बोलाचाली होते, ते तुम्ही बघितलंय. आपण डोललो तर रंगून गेला म्हणायचं आन् त्यानं डोललं तर वेडा झाला म्हणायचं, हा न्याय कुठला? देह शांत करायला, मन एका जागी बांधायला माणसाला हे लागतं. त्याला जरा जास्त लागतं, एवढंच.

ओरडण्याचं बघू. आपण भिवंडीकर. रात्रंदिवस मागाची खटखट. पाहुणा आला की म्हणतो, "तुम्ही झोपता कसे?" आपल्या कानाला सवय झाली, आपला कान ते बाजूला टाकतो. या पोरांपैकी पुष्कळांना तसं बाजूला टाकता येत नाही. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटचा चमचमाट, शर्टाच्या कॉलरची शिवण, सगळं एकदम अंगावर येतं. आता त्यात हळदीचा डीजे घाला. आपली म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून घरात बसतात, तर त्या लेकराचं काय होत असेल? ते कान झाकतं, लोळण घेतं, किंचाळतं. आपण म्हणतो लाडावलंय, आईनं वळण लावलं नाय.

शेतकऱ्याला समजेल अशी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन म्हणून बाई आहेत, 1947 चा जन्म. लहानपणी कितीतरी उशिरा बोलायला लागल्या. त्या स्वमग्न आहेत, आणि विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्यांचा विषय गुरं. गुरं एखाद्या वाटेवर अडून बसायची, माणसं मारायची, ओढायची. या बाई स्वतः त्या वाटेनं गुराच्या नजरेनं बघत गेल्या. कुठं साखळी लोंबकळत होती, कुठं कुंपणावर कोट टाकलेला, कुठं जमिनीवर अंधाराची सावली पडलेली. तेवढं काढलं की गुरं आपोआप चालू लागत. आपला बैलसुद्धा पुलावर अडतो तेव्हा शहाणा शेतकरी आधी चाबूक काढत नाही, पुढं काय दिसतंय ते बघतो. मग माणसाच्या लेकराला तेवढी सवलत नको?

आता वारीतलीच रीत घ्या. संध्याकाळी तळावर माऊलींची समाज आरती असते. सगळ्या दिंड्या गोळा झालेल्या, टाळांचा नुसता गजर. चोपदार चोप वर करतात आन् क्षणात सगळं शांत होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. तेव्हा चोपदार काय करतात? दिंडीला हाकलून देतात का? वेडे झालात म्हणतात का? नाही. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते विचारतात, ऐकून घेतात, आन् मगच आरती होते. केवढी मोठी रीत आहे ही! सगळे शांत असताना जो वाजवतोय त्याचं काहीतरी दुखतंय, हे आपल्या संप्रदायानं धरलंय.

त्या पोराचं ओरडणं म्हंजे त्याचे टाळ चालू आहेत. तक्रार आहे. बोलून सांगता येत नाही म्हणून ओरडून सांगतंय. त्याच्याकडं चोपदार होऊन जाणारा कोण?

"त्याला आपलं कळत नाय" असं आपण म्हणतो. आपल्याला त्याचं कळतं का? इंग्लंडातले डेमियन मिल्टन हे समाजशास्त्राचे अभ्यासक स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी 2012 साली हेच मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, दोष एकट्याच्या माथी मारू नका. मग स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठात कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी 2020 साली एक प्रयोग छापला. पोरं कानगोष्टी खेळतात तसाच. आठ जणांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्यानं दुसऱ्याला. स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट आपल्यासारख्यांच्या साखळीइतकीच नीट पोचली. दोन्हींची सरमिसळ केली तिथं जास्त गळाली. पुढं 2025 साली तीनशेच्या वर माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तर तिन्ही साखळ्या सारख्याच निघाल्या. सरमिसळीतही गोष्ट पोचली. दोन्ही वेळा एक गोष्ट पक्की झाली. त्यांना गोष्ट कळते, आन् दुसऱ्याला सांगताही येते.

आणि त्यांच्या बाजूनं आपण कसे दिसत असू? आपण दारात उभं राहून म्हणतो, "या हं जेवायला." मनात नसतं. तो पोरगा खरंच दुसऱ्या दिवशी ताटावर येऊन बसतो. आपण म्हणतो, "पाच मिनिटांत येतो," आन् तासानं येतो. तो दारात उभा. त्याला वाटत असेल, ही सगळी माणसं खोटं बोलतात, यांचा भरवसा नाय. त्याचंही मन आपल्याविषयी असं गढूळ होतं. तेही धुवायला हवं, आन् ते आपण दिलेला शब्द पाळल्यानंच धुतलं जाईल. माळ घालून खरं बोलायचं व्रत आपलं. बोललं तसं वागायला तो नुसता बसल्या जागी शिकवतो.

आता आईविषयी. पोर असं झालं की पहिलं बोट आईकडं. "पोटात असताना ग्रहण पाळलं नाय, मागच्या जन्मीचं पाप." हे अडाण्यांचंच खूळ नव्हे बरं का. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अकरा मुलांचा अभ्यास करून याला नाव दिलं. पुढं कितीतरी वर्षं तिथले मोठमोठे शिकलेले लोक म्हणत राहिले की आईची माया थंड म्हणून पोर असं झालं. शेवटी 1964 साली बर्नार्ड रिमलंड यांनी ग्रंथ लिहून ते खोडलं. ते स्वतः अशाच मुलाचे बाप होते. पंडितांनी आळंदीत निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं होतं. आईबापांचा दोष काढायचा आन् भोगायचं लेकरांनी. त्या लेकरांच्या पादुका आज आपण खांद्यावर मिरवतो. मग त्याच चालीनं दुसऱ्या आईला वाळीत टाकायचा आपल्याला हक्क नाय.

कुणी बाधा उतरवायला भगताकडं नेतात. पोराला बांधतात, धूर देतात, मारतात. महाराष्ट्रात 2013 पासून हा गुन्हा आहे. त्याच कायद्यात वारी, कीर्तन, भजन यांना धक्का लावलेला नाही. तेव्हा धर्म बुडाला म्हणून कुणी ओरडू नये.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. कुणी म्हणतं, "देवाचं लेकरू आहे हो, देवमाणूस." पाया पडतात, आन् सातबाऱ्यावरून त्याचं नाव काढतात! आपल्याकडं गोदामांनी जमिनीला सोन्याचा भाव आणला. चार भावांत एक असा असला की पहिली काट त्याच्या नावावर. ऐका, 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात लिहिलंय की आजार किंवा व्यंग म्हणून कुणाचा वाटा जात नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि कलम 13 सांगतं की मालमत्तेचा हक्क त्याला सगळ्यांसारखाच. त्या घरांनी जिल्हा शासकीय रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढावं. राष्ट्रीय न्यास म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या निरामय योजनेत उपचाराला वर्षाला एक लाखापर्यंत विमा मिळतो. पोर अठराचं झालं की पालक नेमायला कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. कागद करायला कुणाला सोबत लागली तर दिंडीतली शिकलेली पोरं जातील. तीही वारीच.

आता दिंडीचं. कूर्मदासाची कथा तुम्ही ऐकलीय. हात नाहीत, पाय नाहीत. पैठणहून सरपटत निघाले. माढा तालुक्यातल्या लऊळला पोचले आन् पुढं शरीर चालेना. तेव्हा देवानं निरोप धाडला का, की आधी हातपाय आण मग भेटू? देव स्वतः पंढरी सोडून लऊळला आला. तिथं आजही मंदिर आहे.

तर या शंभराव्या वर्षी मी दिंडीपुढं मागणं मांडतो. त्या घराला पोरासकट वारीत घ्यावं. कीर्तनात त्याला कर्ण्यापासून लांब, कडेला जागा ठेवावी, म्हंजे उठून जाता येईल. कानावर लावायचे जाड हेडफोन मिळतात, ते दिंडीच्या खर्चातून आणावेत. उद्या कुठं मुक्काम, कधी निघायचं, हे त्याला आदल्या रात्री सांगावं, आन् बदल झाला तर तोही सांगावा. आईबापांना दिवसातून दोन तास मोकळे ठेवायला आळीपाळीनं दोन माणसं नेमावीत. एवढ्यानं होणार नसेल, पोरालाच गर्दी सोसत नसेल, तर ओढून नेऊ नये. अशा घराकडं आपण हरिपाठ घेऊन जाऊ, चार माणसं, विना माईक.

त्या पोराला पालखीचे मुक्काम पाठ आहेत. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, थेट वाखरीपर्यंत एका दमात म्हणतो. पण मी त्यासाठी त्याला घ्या म्हणत नाही. त्याला काहीच पाठ नसतं, एक शब्दही बोलता येत नसता, तरी माझं मागणं हेच राहिलं असतं. आपल्या वाटेवर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. समोरचा किती शिकला, किती बोलतो, हे विचारून कुणी वाकत नाही. फक्त माऊली म्हणतात आन् वाकतात. त्याच्यापुढं वाकताना तो बघेल की नाही कुणास ठाऊक. पुंडलिकानंही पाहिलं नव्हतं.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!