आधी मोजा, मग मागा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मी कापसाच्या भावावर बोलणार नाही. गावच्या शाळेवर बोलणार आहे.

गावोगावची निवेदने पाहा. बहुतेकांत एकच वाक्य असते : 'आमच्या शाळेत शिक्षक कमी आहेत, तरी सोय व्हावी.' साहेब शिक्का मारतात आणि कागद फायलीत जातो. मुले किती, शिक्षक किती, वर्ग किती दिवस बंद राहिला, यातले त्यात काहीच नसते. कापूस विकायला नेला तर 'माल चांगला आहे' एवढ्यावर कोणी पैसे देतो का? काट्यावर वजन होते, प्रत ठरते. ज्याच्याजवळ स्वतःचा आकडा नाही, त्याला दुसऱ्याचा आकडा मान्य करावा लागतो. बाजारात हे आपण पुरते भोगले आहे. शाळेच्या बाबतीतही तेच चालले आहे.

हे काम नवे नाही. १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. त्यात स्वतःची ओळख व्यापारी आणि शेतकरी अशी लिहिली. तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून आणि पैसा जातो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा हिशेब त्यांनी मांडला. मुंबई इलाख्यातील दहापैकी सुमारे नऊ गावांत, म्हणजे जवळपास १० लाख मुलांना, प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही, हा आकडा पुढे ठेवला. आणि हेही लपवले नाही, की गरिबीमुळे शेतकऱ्याला पोर गुरांमागे आणि शेतात लागते. म्हणूनच त्यांनी शाळांबरोबर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे मागितली, किमान १२ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा म्हणाले. गाऱ्हाणे, त्याचे कारण आणि उपाय एकाच कागदावर!

कायदा यायला त्यानंतर १२७ वर्षे लागली. २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण हा आता हक्क आहे. या कायद्यात मापे दिली आहेत. पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३. वर्षाला पाचवीपर्यंत २०० दिवस, सहावी ते आठवी २२० दिवस शाळा. पिण्याचे पाणी, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत. माप सरकारनेच ठरवून दिले आहे. त्याला लावून पाहणे आपल्या हातात आहे.

ते कसे करायचे? १०० पानी वही घ्या. घरोघर जाऊन ६ ते १४ वयाचे प्रत्येक मूल लिहा. वस्ती, तांडा, सालदाराचे घर, ऊसतोडीला गेलेले घर, एकही सोडू नका. ही यादी शाळेच्या पटाशी ताडून पाहा. मग महिनाभर रोज शाळेत जाऊन डोकी मोजा आणि हजेरीपटाशी मिळवा. शिक्षक दुसऱ्या सरकारी कामाला गेले असतील तर तारीख व काम लिहा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिनशैक्षणिक काम त्यांना देता येत नाही. अंतर नकाशावर मोजू नका, पायवाटेने मोजा. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन वाट किती दिवस बंद असते, तेही लिहा. २०१७ साली कमी पटाच्या तेराशेवर शाळा शेजारच्या शाळांत मिसळायचा निर्णय झाला, तेव्हा भांडण अंतराचेच होते.

आता कडू गोष्ट. मूल गैरहजर असेल तर कारण खरे लिहा. वेचणीला गेली, तर वेचणीला गेली. ज्वारी राखायला, धाकट्या भावाला सांभाळायला, तर तसेच. आपल्याला अडचणीचे आहे म्हणून गाळले, तर साहेब तेच एक नाव काढून सगळी वही खोटी ठरवतील. आणि खरे लिहिले तर दिसेल, की वेचणीच्या महिन्यांत मुलींचे रकाने का रिकामे होतात. मजूर परवडत नाही म्हणून पोरगी रानात जाते, हे त्या रकान्यातून सिद्ध करता येईल. भाषणातून येणार नाही.

शाळेचा कागद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात. शाळेचा विकास आराखडा करणे याच समितीचे काम आहे. वही तिच्यापुढे ठेवा, ग्रामसभेत वाचा, मग स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या. ३ महिन्यांत निकाल देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. नाही दिला तर राज्य बालहक्क आयोग आहे. तारखेची पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडू नका.

आणि मायबहिणींनो, ही वही तुम्ही घ्या. कोणत्या घरची पोर कुठे आहे, हे पाणवठ्यावर जेवढे कळते तेवढे कचेरीत कळत नाही.

पुढच्या मेळाव्याला प्रत्येक गावाने ठराव आणू नये, वही आणावी. ठराव आपण मग सगळे मिळून करू.