रांजण ते रांजण : एका दिवसाची सहल

(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



गेली कित्येक वर्षं आपली वार्षिक सहल दोन बसमधून दोन दिशांना जाते. मुलं-नातवंडं वॉटर पार्कला आणि आपण ज्येष्ठ मंडळी देवदर्शनाला. या वर्षी तरी सगळ्यांनी एकत्र जावं, अशी माझी सूचना आहे. ठिकाणं दोन, नाणेघाट आणि निघोज.

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लाइड नदीच्या दरीचे फोटो मध्यंतरी आपल्या ग्रुपवर आले होते. उंच कडे, खोल दरी आणि नदीने खडकात कोरलेले गोल खळगे. सुंदरच आहे ते. पण मंडळी, कडा आणि खळगे दोन्ही आपल्याकडे एका नदीच्या वाटेवर आहेत. ती नदी म्हणजे कुकडी.

पहाटे चारला निघायचं. घोडबंदर, कल्याण, मुरबाड करत माळशेज घाट चढायचा आणि वर चहा-नाश्ता. पुढे जुन्नर तालुक्यातून नाणेघाटाच्या माथ्याजवळ गाडी जाते. समोर खाली कोकण, मागे देश. इथला पाऊस पश्चिमेला वाहिला तर अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला वाहिला तर कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असं करत थेट बंगालच्या उपसागरात जातो. शाळेत नकाशावर शिकलेला जलविभाजक इथे पायाखाली असतो.

माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. घाटाची जकात त्यात टाकत, असं सांगतात. सोपारा आणि कल्याण बंदरांतला माल याच वाटेने जुन्नर, पैठणला जाई. सोपारा म्हणजे आपलं विरार लोकलमधलं नालासोपारा, बरं का! थोड्या पायऱ्या उतरल्या की लेणं लागतं. त्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरले आहेत. शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं. आयुष्यभर लेजर लिहिलेल्या माझ्यासारख्याला तिथून हलावंसं वाटत नाही.

मग जुन्नर, नारायणगावमार्गे दुपारी पारनेर तालुक्यातलं निघोज. इथे तीच कुकडी काळ्या बेसॉल्टमधून वाहते आणि पात्रात शेकडो रांजणखळगे आहेत. प्रवाहाबरोबर आलेले दगडगोटे एखाद्या खाचेत अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात आणि खडक झिजवत राहतात. दर पावसाळ्यात थोडं थोडं. चक्रवाढ व्याज म्हणजे काय, हे नातवंडांना समजावायला याहून चांगली जागा नाही. सकाळी माणसाने कोरलेला रांजण बघायचा, दुपारी नदीने कोरलेले. काठावर मळगंगा देवीचं मंदिर आहे, म्हणजे आपलं देवदर्शनही चुकत नाही.

आता काळजीच्या गोष्टी. पावसाळ्यात जायचं नाही. धुक्यात कडा कुठे संपतो ते कळत नाही, खडक निसरडा होतो आणि पूर आला की खळगे पाण्याखाली जातात. डिसेंबर उत्तम. कड्यापासून दहा पावलं मागे उभं राहायचं. सेल्फीसाठी पुढे सरकायचं नाही, हे तरुणांना आत्ताच सांगून ठेवतो. खळग्यांतलं पाणी शांत दिसतं, पण खोल असतं. पोहायला कोणी उतरायचं नाही. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी लेण्यापर्यंत उतरू नये. रांजण आणि दरी माथ्यावरूनही दिसते. वाटेत स्वच्छतागृहं मोजकी आहेत, तेव्हा थांबे आधी ठरवून घ्यावे लागतील. परतायला रात्रीचे दहा-अकरा वाजतील.

एक अट मात्र घालतो. प्रत्येक ज्येष्ठाच्या शेजारच्या सीटवर दुसऱ्या घरातलं एक मूल बसेल. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याला मजल्यावरच्या सगळ्या मुलांची नावं पाठ होती. आज लिफ्टमध्ये मूल भेटलं, तर ते कोणाचं हे विचारावं लागतं. दिवसभराच्या प्रवासात निदान नावं तरी कळतील.

तयार असलेल्यांनी सेक्रेटरींकडे नाव द्यावं. माझं दिलेलं आहे.