पाळी जाण्याचे वय आणि झाडपाल्याची औषधे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय आपण आजवर स्वयंपाकघरात, तोही हळू आवाजात बोलत आलो. पाळी जाण्याचे वय आले की अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने पातळ भिजते, क्षुल्लक कारणाने डोळ्यांना पाणी येते. हा रोग नव्हे. परंतु याच सुमारास रक्तातील कोलेस्टेरॉल वाढू लागते, आणि ते मात्र कसलीच चाहूल देत नाही.

माझीच गोष्ट सांगते. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती. एका ओळखीच्या बाईंनी गुग्गुळ सुचवला. झाडपाल्याने कसला अपाय, असे म्हणून मी गोळी परस्पर बंद केली. चार महिन्यांनी रक्त तपासले, तो आकडा पूर्वीपेक्षाही वर!

गुग्गुळाचा अभ्यास काही थोडाथोडका झालेला नाही. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले. त्यांचा प्रबंध १९६६ सालचा. पुढे त्यातून औषधही निघाले. मात्र २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १०३ जणांना आठ आठवडे पारखले, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडे चढलेच. शिवाय गुग्गुळामुळे रक्तदाबाच्या काही औषधांचे शोषण कमी होते.

मग घरचे सारेच टाकून द्यावे काय? मुळीच नाही. इसबगोल आतड्यात पित्ताम्ले धरून बाहेर नेतो, म्हणून कोलेस्टेरॉल काहीसे उतरते. तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, आणि इतर औषधांत व त्यात अंतर ठेवावे. सोयाबीनने काहीजणींच्या वाफा थोड्या कमी होतात. शतावरीचे नाव मोठे, पण वाफांवरील तिचा पुरावा अजून तोकडा आहे. ज्यांना स्तनाचा कर्करोग झाला असेल, त्यांनी अशा कोणत्याही अर्काच्या गोळ्या विचारल्यावाचून घेऊ नयेत.

आणि एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर काढा करीत बसू नका. थेट डॉक्टरांकडे जा. काय काय घेतो तेही त्यांना न लाजता सांगा. मी लपवले, म्हणून चार महिने फुकट गेले. तुमचे जाऊ नयेत, एवढ्याचसाठी आज उभी राहिले.