रुजू होणे आणि रुजणे

(जळगाव जामोद येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नेमणुकीचा आदेश घेऊन कर्मचारी हजर झाला, म्हणजे तो 'रुजू झाला' असे आपण म्हणतो. दप्तरी नोंद होते आणि कार्यालयाचे कर्तव्य संपते. रुजू झालेला माणूस तेथे रुजला की नाही, याची नोंदवही मात्र कोणी ठेवीत नाही.

आपला तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला आहे. खाली पूर्णेच्या खोऱ्यातील कापसाची काळी जमीन. वर भिंगारा, चाळीसटापरीसारखी डोंगरातील गावे. तेथे भिलाला, बारेला, कोरकू, निहाल असे समाज राहतात. निहालांची निहाली भाषा तर अशी, की तिचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निर्विवादपणे जोडता आलेले नाही. कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. (आपल्या तालुका कार्यालयांत हे कितीजणांस ठाऊक असेल, कोण जाणे!)

आता दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या एखाद्या तरुण शिक्षिकेची कल्पना करा. पहिल्या दिवशी तिला मुलांचे बोलणे उमगत नाही, मुलांना तिचे उमगत नाही. असे होणार, हे तिला कोणी आधी सांगितलेले नसते. राहण्यास खोली नाही, म्हणून ती तालुक्याच्या गावाहून ये-जा करते. ये-जा करते म्हणून गाव तिला परकी मानते. आणि गाव परकी मानते म्हणून ती बदलीचा विचार करू लागते. यात दोष तिचा किती व आपला किती, याचा हिशेब आपण प्रामाणिकपणे केला पाहिजे.

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. राज्यातील आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्यांसाठी २००२ साली वरची वेतनश्रेणी व प्रोत्साहन भत्ता देण्यात आला. २०१७ च्या बदली धोरणाने अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकास बदलीचा अधिकार दिला. तो न्याय्यच होता. परंतु त्यामुळे माणूस दिवस मोजू लागतो, हेही तितकेच खरे. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रांतील काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली गेली. पण बुलढाणा जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. तेव्हा आपल्या डोंगरातील गावांना बाहेरून येणारा माणूसच सांभाळावा लागणार.

स्थानिक माणसाचे बळ केवढे असते, हे गडचिरोलीत दिसून आले. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. त्यामुळे बालमृत्यू लक्षणीय घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २००५ पासूनच्या 'आशा' योजनेतही कार्यकर्ती त्याच गावची रहिवासी असावी, ही अट आहे. भाषा, नाती, पायवाटा तिला शिकवाव्या लागत नाहीत. बाहेरून आलेल्याला त्या शिकवाव्या लागतात; आणि त्या शिकवू शकेल अशी आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका गावातच असते. नव्या शिक्षिकेचे पहिले आठ दिवस त्यांच्यासोबत का जाऊ नयेत?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'आमच्यात जमणारा माणूस हवा' असे पुष्कळदा ऐकू येते. त्याचा अर्थ आपल्या जातीचा, आपल्या गटाचा किंवा मान डोलावणारा असा असेल, तर ते जुळणे नको. एखादी आरोग्यसेविका नोंदवहीत खरेच आकडे लिहिण्याचा आग्रह धरते, आणि 'हिचे येथे जमणार नाही' असा शेरा कार्यालयात पसरतो. अशा वेळी बदलायचे ते कार्यालयाने. नवागताने गावाची भाषा, सण, बाजाराचा दिवस शिकावा; खोटेपणा शिकू नये.

पंचायत सदस्यांना माझी एवढीच विनंती आहे. नवा कर्मचारी येण्यापूर्वी राहण्याजोगी एक खोली पाहून ठेवा. भाडे ती व्यक्ती देईल; छप्पर गळत नाही ना, स्त्री कर्मचाऱ्यास एकटे राहणे सुरक्षित आहे ना, एवढे आपण पाहा. पहिल्या ग्रामसभेत तिची ओळख नावाने करून द्या. आणि मुख्याध्यापकांनी पहिल्या सत्रात महिन्यातून एकदा तिला समोर बसवून, माहितीची तक्ते बाजूला ठेवून, काय अडते आहे ते विचारावे. पावसाळ्यात डोंगरातील रस्ते अवघड होतात. म्हणून खोलीचे तेवढे जूनपूर्वी व्हावे.